एक भोपळा सोडून

घंट्या निवडण्याच्या दिवशी लवंगच्या वाट्याला भोपळा आला आणि त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. खुद्द भोपळ्यालाही वाटलं नसावं.

भोपळा म्हणजे शाळेच्या घंटावृंदातली सगळ्यात मोठी हातघंटी. घंटावृंदाचं गणित तसं सोपं असतं. एक लांबलचक टेबल, टेबलावर जाड गादी आणि गादीवर पितळेच्या एकवीस घंट्या, बारीक स्वरापासून जाड स्वरापर्यंत ओळीने झोपवलेल्या. एका घंटीला एकच स्वर येतो, जीव गेला तरी दुसरा येत नाही. प्रत्येक मुलीने हातात पांढरे मोजे चढवायचे, दोन घंट्या घ्यायच्या, आपला स्वर आला की वाजवायच्या आणि लगेच खांद्याला टेकवून गप्प करायच्या. म्हणजे गाणं हे एक लांब वाक्य धरलं, तर एकेकीच्या तोंडी त्यातले दोनच शब्द. बाकीचा वेळ तोंड मिटून बसायचं. अकरा मुलींना हे जमवणं किती कठीण आहे ते संगीताच्या बाईंनाच विचारा.

निवडायचा नियम वयाचा होता. थोरलीने आधी. कप्तानताईने नेहमीप्रमाणे मधल्या दोन घंट्या उचलल्या, ज्यांच्यावर गाण्याची अख्खी चाल चालते. त्या घंट्या ती अशा धरायची की जणू जन्मतःच तिच्या हातात होत्या आणि डॉक्टर त्या कापायला विसरले. मग जोडगोळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुळ्या बहिणींनी टोकाच्या चिमुकल्या घंट्या घेतल्या. बाकीच्यांनी उरलेल्या. सगळ्यांत शेवटी राहिली ती यंदा नव्याने आलेली लवंग. अंगाने एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून लवंग. आणि टेबलावर राहिला होता भोपळा, जो दोन हातांनी उचलावा लागतो आणि उचलला की मागे लवंग आहे हे फक्त वेणीवरून कळतं.

"भोपळा काही वाईट नसतो गं," कप्तानताई समजुतीने म्हणाली. "मीसुद्धा भोपळ्यापासूनच सुरुवात केली."

"किती दिवस वाजवलास?"

"एक. मग मला ताप आला."

लवंगला ताप येणं परवडणारं नव्हतं. धावण्याच्या संघाने तिला 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं होतं. नाटकवाल्यांनी तिला झाडाची भूमिका दिली होती आणि मग झाडच कापून टाकलं होतं. घंटावृंद ही शाळेतली एकच जागा होती जिथे तिला 'ये' म्हटलं गेलं. भोपळा उचलायला कोणी तयार नव्हतं म्हणून का होईना, पण म्हटलं गेलं. तेव्हा तिने भोपळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ती टेबलाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

भोपळ्याला कामं फार नसायची. अख्ख्या गाण्यात दोनदा वाजला तरी त्याची चैन. मग उरलेला वेळ लवंग करणार काय? ऐकायची. ऐकून ऐकून तिला सगळ्यांच्या घंट्या पाठ झाल्या. आता ही वाजणार, मग ती, मग जोडगोळीतली उजवीकडची, जी नेहमी किंचित उशिरा येते आणि बहिणीकडे रागाने बघते. दात घासतानासुद्धा लवंग सगळ्यांचे स्वर एकटी गुणगुणायची. सरावात तिच्या तोंडून नकळत निघून जायचं, "आता तू."

"लवंगे," कप्तानताई म्हणायची, "तू तुझा भोपळा सांभाळ. आमच्या चुली फुंकू नकोस."

आणि मग एका दुपारी बाईंनी बॉम्ब टाकला. बाईंचा आवाज इतका हळू की त्या बोलायला लागल्या की अकरा मुली एकदम पुढे वाकायच्या. तर 'खिडकी लावून घ्या' म्हणावं त्या सुरात बाई म्हणाल्या, "यंदा आंतरशालेय संमेलनात आपण रॉक वाजवणार आहोत."

वाकलेल्या मुली तशाच राहिल्या.

"बाई, रॉक म्हणजे ते गिटार, ड्रम, आरडाओरडा?" कप्तानताईने विचारलं.

"तेच."

"घंट्यांवर?"

"घंट्या काय नुसत्या लोकांना झोपवायलाच असतात?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे विषय संपला.

त्यानंतरचे दिवस लवंगच्या आयुष्यातले सोन्याचे. रॉकला ठेका लागतो, आणि ठेका धरायला ड्रम नाही. मग भोपळा उचलायचा आणि गादीवर आपटायचा. 'दण्'. पोटात कोणीतरी दार लावल्यासारखा आवाज. गाण्याची सुरुवातच चार दणक्यांनी होत होती, आणि ते चारही तिचे. हात दुखून यायचे. तिला ते दुखणं फार आवडायचं.

अडचण एकच होती, आणि ती मुख्याध्यापकांच्या खोलीत बसायची. मोठ्या सरांनी सराव दाराबाहेर उभं राहून ऐकला आणि बाईंना बोलावून घेतलं. लवंग नेमकी फळ्याचा डस्टर मागायला तिथे गेली होती, म्हणून तिला सगळं ऐकू आलं.

"बाई, वाजवा तुम्ही. मी नाही म्हणत नाही. पण सभागृहात एक जरी माणूस कानावर हात ठेवताना दिसला, तर घंट्या कपाटात जातील आणि त्या खोलीत टेबलटेनिस सुरू होईल."

सरांच्या खुर्चीमागे एक नवं कोरं खोकं होतं. त्यावर जाळीचं आणि दोन बॅटचं चित्र होतं. सर नुसते बोलत नव्हते, तयारीला लागले होते.

ही बातमी लवंगने घंटावृंदाला सांगितली आणि सराव दुप्पट झाला. संमेलनाच्या आदल्या दिवशी शेवटचा सराव इतका झकास झाला की बाई हसल्या. मग त्यांची नजर घंट्यांच्या मुठींवर गेली. जुन्या चामड्याच्या मुठी, प्रत्येकीवर त्या त्या स्वराचं अक्षर कोरलेलं. रॉकचा घाम पिऊन त्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या.

"उद्या दिव्यांखाली हे बरं दिसणार नाही," बाई म्हणाल्या. "कोणी पुसून आणेल का? नुसत्या पुसायच्या."

लवंगचा हात वर गेला. तिच्या मनाने अजून विचारही केला नव्हता, पण हाताला घाई असते.

इथे लवंगच्या आत्याची ओळख करून द्यायला हवी. आत्याची लाँड्री होती. खाली लाँड्री, वर घर. आत्याच्या हाताखालून डाग कधी जिवंत सुटला नव्हता. ती स्वतः लाँड्रीची व्हॅन घेऊन घंट्या न्यायला आली, आणि घरी पोचल्यावर तिने एक मूठ दोन बोटांत धरून उजेडात बघितली.

"ह्या नुसत्या पुसायच्या?"

"बाईंनी तसंच सांगितलंय."

"नुसतं पुसायचं म्हणजे मळ इकडचा तिकडे करायचा. सुटं केल्याशिवाय काही स्वच्छ होत नसतं. आण तो पाना."

"अगं पण बाई..."

"बाई गाणं शिकवतात ना? मग धुणं मी बघते."

आत्याने एकेक मूठ पान्याने सोडवली. फक्त भोपळ्याचा नट तिला बधला नाही. भोपळ्याची मूठ जाड, नट त्याहून जाड आणि पाना लहान. आत्याने त्याला दोन शिव्या दिल्या, फडक्याने पुसला आणि बाजूला ठेवला.

आता लवंग वेंधळी होती असं कोणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. तिला पक्कं ठाऊक होतं की अक्षर असतं मुठीवर, घंटीवर नसतं. म्हणून तिने लाँड्रीच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या घेतल्या, एक घंटीला बांधली, त्याच आकड्याची दुसरी तिच्या मुठीला टाचली, असं सगळ्यांचं केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जेवायला वर गेली.

ती परत आली तेव्हा दोरीवर चिमट्यांना मुठी लटकत होत्या. चकचकीत, तेल लावलेल्या, नव्या बुटांसारख्या. आणि खाली घंट्या. त्याही चकचकीत. आणि उघड्या.

"आत्या, चिठ्ठ्या कुठायत?"

"काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"माल तयार झाला की चिठ्ठी काढायची. गिऱ्हाइकाच्या कॉलरला चिठ्ठी राहिली तर नाव कोणाचं जातं?"

"मुठींच्या काढल्यास?"

"घंट्यांच्यापण. मी अर्धं काम करत नाही."

लवंगने एक मूठ आणि एक घंटी शेजारी धरून बघितली. मुठींना आपापली नावं ठाऊक होती, पण घंट्यांना आपली मूठ कुठली ते सांगता येत नव्हतं. वाजवून बघावं, तर वर बाबा झोपलेले. बाबा बेकरीत कामाला होते. भट्टी पेटवायला ते लोकांच्या झोपेच्या वेळी निघायचे आणि लोकांच्या जेवणाच्या वेळी झोपायचे, आणि त्यांची झोप हा घरातला कायदा होता. त्या वेळात लाँड्रीत कपडेसुद्धा हळू आपटायचे.

"एवढं काय त्यात," आत्या म्हणाली. "लहान घंटी, बारीक आवाज. मोठी घंटी, जाड आवाज. उंचीप्रमाणे उभ्या कर आणि ओळीने मुठी बसव. शाळेत प्रार्थनेला उभं करतात तुम्हाला, त्यातलंच."

ह्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. दोघींनी घंट्या उंचीने लावल्या, मुठी अक्षरांनी लावल्या आणि जोड्या जुळवल्या. लवंगला काय माहीत की हा संच शाळेने दोन वेळा, दोन ठिकाणांहून घेतला होता, आणि दुसऱ्या वेळच्या घंट्या जाड पत्र्याच्या होत्या, म्हणून नुसत्या उंचीवरून स्वर ओळखता येत नव्हता. दिसायला एवढ्याशा आणि आवाजाने खणखणीत अशी माणसं असतात, तशा घंट्याही असतात. लवंग स्वतःच त्यातली होती, पण हे तिला त्या वेळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मुठी बघून सगळ्या खूश झाल्या. बाईंनी एक मूठ हातात घेऊन नाकाजवळ नेली, थोडा विचार केला, पण बोलल्या काही नाहीत. सराव करायला मंच मिळायचा होता, तो मिळाला नाही, कारण आधीच्या शाळेचं अकॉर्डियन पथक थांबायचं नावच घेईना. मुली आपापल्या घंट्या खांद्याला लावून विंगेत उभ्या राहिल्या. तिथे हेडफोनवाले एक गृहस्थ होते. त्यांचा कायदा बाबांच्या झोपेपेक्षा कडक.

"इथे आवाज नाही. टाचणीसुद्धा पडायची नाही."

कप्तानताईने उजवा हात जरा वरखाली केला. "माझी आज जड लागतेय गं."

लवंगने कप्तानताईच्या घंटीकडे नीट बघितलं. "घाबरल्यावर हात जड होतात, ताई," ती म्हणाली.

"मी घाबरत नाही." कप्तानताईने डावा हात वरखाली केला. "आणि ही हलकी लागतेय. एका हाताने घाबरलेय का मी?"

पलीकडे जोडगोळी एकमेकींच्या घंट्या तोलून बघत होती. लवंग सरळ हेडफोनवाल्यांकडे गेली.

"काका, एकच घंटी, एकदाच वाजवू? अगदी हळू?"

"नाही."

"फडक्यात गुंडाळून?"

"बाळ, तू जाऊन उभी राहतेस की मी उचलून ठेवू?"

ती बाईंकडे वळली. "बाई, एक सांगायचं होतं."

"कार्यक्रम झाल्यावर," बाई पुटपुटल्या. त्या हातांनी हवेत ताल मोजत होत्या.

"कार्यक्रम झाल्यावर त्याचा उपयोग नाही, बाई."

पण तेवढ्यात अकॉर्डियनवाल्यांना कोणीतरी ओढून बाहेर काढलं, टाळ्या झाल्या, आणि हेडफोनवाल्यांनी मुलींना मंचावर अक्षरशः लोटलं.

दिवे इतके प्रखर की पहिली रांग सोडली तर बाकी सगळा अंधार. पहिल्या रांगेत मोठे सर होते, ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांच्या शेजारी मोत्यांच्या माळेतल्या एक बाई. संगीताच्या बाईंनी हात वर केला. लवंगने भोपळा उचलला.

दण्. दण्. दण्. दण्.

सभागृह सावरून बसलं. आणि मग पाचव्या ठोक्याला दहा मुलींनी मिळून जे काही वाजवलं, त्याला स्वयंपाकघरातलं मांडणीचं फळकूट कोसळलं असं म्हणता येईल, पण मग फळकुटावर अन्याय होईल. प्रत्येकीने आपल्या मुठीवरचं अक्षर बघून, अगदी वेळेवर, अगदी मन लावून, चुकीचा स्वर वाजवला होता.

मोत्यांच्या माळेतल्या बाईंचे हात कानांवर गेले. मोठ्या सरांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि लवंगला त्यांच्या डोळ्यांत टेबलटेनिसची जाळी स्पष्ट दिसली.

बाईंचा हात हवेत गोठला. दहा मुली आपापल्या घंट्यांकडे अशा बघत होत्या की जणू घरच्या मांजराने भुंकून दाखवलंय. सगळं थांबलं. एक भोपळा सोडून. कारण लवंगचे हात तिला न विचारता आपलं काम करत होते. दण्. दण्.

आणि त्या दणक्यांमध्ये तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भोपळ्याचा नट सुटलाच नव्हता. भोपळ्याची मूठ जागची हलली नव्हती. ह्या टेबलावर एकच खरा स्वर होता, आणि तो तिच्या हातात होता.

गप्प राहायचं म्हटलं असतं तर राहता आलं असतं. कोणालाच काही माहीत नव्हतं. पण गप्प राहून वाचणार कोण, ती की घंट्या? लवंगने श्वास घेतला आणि ठेक्यावर बोलली, खणखणीत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"मुठी बदलल्यात. दण्. माझ्यामुळे. दण्. अक्षरं बघू नका. दण्. एकेकीने वाजवा."

"काय?" कप्तानताई दातांमधून म्हणाली.

"तू नको, तू शेवटी. आधी टोकाकडून."

जोडगोळीतल्या एकीने एक घंटी वाजवली. लवंग भोपळ्याच्या स्वरापासून मनातल्या मनात स्वरांच्या पायऱ्या चढली, दात घासताना रोज चढायची तशाच. "ही तुझी नाही, चष्मेवालीची. दे तिला. दण्. चष्मेवाले, तुझ्या डाव्या हातातली वाजव. ही जोडगोळीची. पाठव तिकडे. दण्. पुढे."

पहिल्या दोन घंट्या दबकत हलल्या. मग तिसरी, चौथी. एक घंटी वाजायची, लवंग हनुवटीने दाखवायची, आणि घंटी टेबलावरून हातोहात निघायची, जेवताना मिठाची बाटली फिरते तशी. हळूहळू त्यांना ठेका सापडला. दण्, टिंग, दे. दण्, टण्, घे. कोणी वाकून देत होती, कोणी पाठीमागून घेत होती. जोडगोळीतल्या दोघी ह्या धांदलीत एकमेकींच्या जागा बदलून बसल्या आणि पुन्हा बदलल्या. अंधारात मागे कुठेतरी टाळी पडायला लागली. भोपळ्याच्या ठेक्यावर. मग ती टाळी पुढे सरकत आली.

लोकांना वाटत होतं, हे असंच बसवलंय.

बाईंनी एकदा लवंगकडे बघितलं, एकदा अंधाराकडे. मग त्यांनी गोठलेला हात मोकळा केला आणि चुटकी वाजवायला सुरुवात केली. आठवड्याला एक वाक्य बोलणाऱ्या बाई, आणि मंचावर उभं राहून चुटक्या वाजवत होत्या.

सगळ्यांच्या घंट्या लागल्या. राहिल्या फक्त कप्तानताई आणि तिच्या पलीकडची मुलगी.

"वाजव, ताई."

"माझ्या बरोबर आहेत."

"वाजव तर."

तिने वाजवली. तिचा स्वर नव्हता हे मोत्यांच्या माळेतल्या बाईंनासुद्धा कळलं असावं.

"ही माझीच आहे," कप्तानताई म्हणाली. "तीन वर्षं मी हीच वाजवतेय."

"मूठ तुझी आहे, ताई. घंटी त्या पलीकडचीची. दण्. सोड."

"लवंगे..."

"दण्. सोड की गं. माझे हात तुटायला आलेत."

कप्तानताईने तीन वर्षांत पहिल्यांदा हात सैल सोडले. दोन घंट्या गेल्या, दोन आल्या. तिने आलेली एक हळूच वाजवली, आणि तिचा चेहरा बघून लवंगला कळलं की घर सापडलं.

बाईंची चुटकी थांबली. दोन्ही हात वर. ओठ हलले. "पहिल्यापासून."

दण्. दण्. दण्. दण्.

आणि मग गाणं आलं. गाणं कसलं, पूर आला. चाल कप्तानताईच्या हातांतून अशी उसळली की ती स्वतःच हसायला लागली. जोडगोळीच्या चिमुकल्या घंट्या तिच्या डोक्यावरून ठिणग्यांसारख्या उडत होत्या. मधल्या मुली घंट्या गादीवर आपटत होत्या, उचलत होत्या, खांद्याला टेकवून गप्प करत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या पायाखाली जमीन म्हणून भोपळा होता. लवंगला आपले हात जाणवत नव्हते. तिला तिची वेणी सुटल्याचंही कळलं नाही. अंधारातले लोक उभे राहिले होते हे तिला पायांतून कळत होतं, कारण मंच हलत होता.

शेवटच्या कडव्यात तिने पहिल्या रांगेकडे बघितलं. मोठ्या सरांचे दोन्ही हात गुडघ्यांवरून निघाले होते. वर चालले होते. छातीच्या वर, हनुवटीच्या वर, थेट कानांच्या दिशेने. लवंगचं काळीज थांबलं, ठेका नाही थांबला. हात कानांपाशी पोचले, तिथे जरा घुटमळले, आणि पुढे निघून डोक्यावर एकमेकांना भेटले. सर टाळ्या वाजवत होते. लहान मुलं वाजवतात तशा, डोक्यावर हात नेऊन. आणि त्यांच्या शेजारच्या मोत्यांच्या माळेतल्या बाई माळ काढून हातात धरून उड्या मारत होत्या.

शेवटचा दणका लवंगचा होता. तो वाजला, आणि मग एवढा आवाज झाला की हेडफोनवाल्या काकांनी हेडफोन काढून ठेवले.

विंगेत सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. लवंग मात्र बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मुठी नुसत्या पुसल्या नव्हत्या. सुट्या करून धुतल्या."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "साबणाचा वास येत होता."

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, धुतल्यात तर बसवल्याही बरोबर असतील." बाईंनी चष्मा पुसला. आज तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

बक्षीस मिळालं ते 'मंचावरील सर्वांत अभिनव सादरीकरणा'साठी. मोठे सर ढाल घेऊन सगळ्यांना दाखवत फिरत होते. "ते मधलं बघितलंत ना? ती शोधाशोध? मला तर वाटलं खरंच गोंधळ झालाय. काय कसलेल्या मुली आहेत."

टेबलटेनिसचं खोकं सरांच्या खोलीतून न उघडताच व्हरांड्यात गेलं. सध्या त्यावर ढाल ठेवली आहे.

पुढच्या आठवड्यात नव्याने घंट्या निवडायचा दिवस होता. कप्तानताईने हातात मोजे चढवले आणि ती नेहमीप्रमाणे टेबलाकडे निघाली. मग थांबली.

"आज आधी लवंग," ती म्हणाली. म्हणताना तिला जरा त्रास झाला, पण ती म्हणाली.

लवंग ओळीने चालत निघाली. ठिणग्यांसारख्या चिमुकल्या घंट्या आल्या. जोडगोळीने एकमेकींचे हात धरले. लवंग पुढे गेली. मग मधल्या दोन आल्या, चालीच्या. लवंग तिथे उभी राहिली आणि तिने वाकून त्या नीट बघितल्या. कप्तानताई छताकडे बघत होती आणि श्वास घेत नव्हती. लवंगने तिला पुरेसं तंगवलं. मग ती टेबलाच्या टोकाला गेली आणि तिने भोपळा दोन्ही हातांनी उचलला.

"भोपळा?" कप्तानताईचा श्वास एकदम सुटला. "तुला? आता?"

"हो. मला खात्रीची वस्तू लागते."

ह्याच वेळी मोठे सर आत आले. पुढच्या महिन्यात शाळेला मोठे पाहुणे भेट देणार होते, आणि सरांनी त्यांना शब्द देऊन टाकला होता. "तेच गाणं. आणि ती शोधाशोध तर हवीच हवी. तीच तर खरी गंमत."

सर गेले आणि मुलींनी लगेच घंट्या अदलाबदल करून बघितल्या. जमेना. कोणाची घंटी कुठे गेलीय ते आता सगळ्यांना आधीच माहीत असायचं. जोडगोळी 'घे ना', 'नाही, तू घे' करत घंट्या अशा देत होती की जणू पाहुण्यांना आग्रह चाललाय. कप्तानताईने हरवल्याचा अभिनय केला तेव्हा तर एकीला ती खरंच आजारी वाटली.

बाईंनी हात खाली केला. "छे. ह्याला खरी चूक लागते. ठरवून केलेली चालत नाही."

मग एकेक करून सगळ्यांची नजर लवंगकडे वळली.

लाँड्रीची व्हॅन शाळेच्या दारात आली तेव्हा लवंग घंट्यांची पेटी घेऊन उभीच होती. आत्याने झाकण उघडलं, एक मूठ दोन बोटांत धरून उजेडात बघितली.

"आत्या," लवंग म्हणाली, आणि तिचा चेहरा नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखा निष्पाप होता, "बाईंनी सांगितलंय. नुसत्या पुसायच्या. सुट्या करायच्या नाहीत."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग मुठीकडे. मग शाळेच्या इमारतीकडे, आत बसलेल्या समस्त शिकलेल्या लोकांची कीव केल्यासारखं.

"बस गाडीत," ती म्हणाली. "आणि तो पाना काढ."